माहितीपटात प्रसंग घडवून आणले, तर तो माहितीपट उरतो का?

रीळवाला : माझ्या मते नाही. रॉबर्ट फ्लॅहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) अजूनही आद्य माहितीपट म्हणून डोक्यावर घेतला जातो. नायकाचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक. पडद्यावरची बायको त्याची नव्हेच. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या इनुइट लोकांकडे तेव्हा बंदुका होत्या, तरी वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याची शिकार हार्पूननं (दोर बांधलेल्या भाल्यानं) करायला लावली. ही सरळ फसवणूक आहे.

चौकटीबाहेर : असहमत. त्यातलं इग्लूचं, म्हणजे बर्फाच्या घराचं, दृश्य घ्या. आत कॅमेऱ्याला जागा नाही, उजेड नाही. म्हणून एक बाजू उघडी ठेवून अर्धाच इग्लू बांधला आणि कुटुंब त्या थंडीत झोपायचं सोंग करतंय. त्या काळच्या यंत्रानं दुसरं काय करणार होते? टपालगाडीवरच्या 'नाइट मेल' या ब्रिटिश माहितीपटात (१९३६) पत्रं लावणारे टपाल कर्मचारी खरे, डबा मात्र स्टुडिओतला. गाडी धावतेय असं वाटावं म्हणून बिचाऱ्यांना उभ्या उभ्या डुलायला सांगितलं! म्हणून त्यांचं काम खोटं ठरतं का?

रीळवाला : डुलण्याबद्दल तक्रार नाही. इग्लूही सोडला. पण बंदूक लपवायला उजेडाची कसली अडचण?

चौकटीबाहेर : बंदुकीचा मुद्दा मान्य. तिथे फ्लॅहर्टीला जुना काळच दाखवायचा होता.

तिसरी घंटा : अडचण यंत्राचीच असती, तर १९६० नंतर वाद मिटायला हवा होता. हलके १६ मिमी कॅमेरे आले, सोबत आवाज टिपता येऊ लागला. अमेरिकेतल्या निवडणूक प्रचारावरच्या 'प्रायमरी'त (१९६०) कॅमेरा अध्यक्षपदाच्या शर्यतीतल्या जॉन केनेडींच्या पाठोपाठ गर्दीतून वाट काढत जातो, कुणी कुणाला 'पुन्हा करून दाखवा' म्हणत नाही. पण काय ठेवायचं नि काय कापायचं, हे संकलनाच्या टेबलावरच ठरतं ना? उलट एरल मॉरिसनं 'द थिन ब्लू लाइन'मध्ये (१९८८) पोलिसाच्या खुनाचा प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा करून घेतला, वेगवेगळ्या जबान्यांप्रमाणे. त्यातून साक्षीदारांचं पितळ उघडं पडलं. त्या खुनासाठी तुरुंगात असलेला रँडल ॲडम्स १९८९ मध्ये सुटला.

रीळवाला : हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! तिथे प्रेक्षकाला कळतं की हे नाट्यरूपांतर आहे. फ्लॅहर्टी ते कळू देत नाही. घडवा खुशाल, पण तशी पाटी लावा.

चौकटीबाहेर : सिनेमाच्या आरंभीच्या ल्युमिएर बंधूंनी आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची फिल्म केली, तिच्याही तीन आवृत्त्या आहेत. म्हणजे कॅमेऱ्यासाठी ते पुन्हा पुन्हा बाहेर पडले. तिथेही पाटी?

रीळवाला : हो, तिथेही.