व्हीएम थांबल्या तरी स्क्रिप्ट गप्प, आणि कंपनी म्हणते ‘व्हर्च्युअलला सपोर्ट नाही’

काटाघर_हिंगणघाट (प्रश्न)

नमस्कार. हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून गाठी बांधण्याच्या कारखान्यात) संगणकाचे सगळे काम मी एकटा पाहतो. आमच्याकडे एकच भौतिक सर्व्हर आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर असून त्यात दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रावरचे आभासी संगणक) चालतात. एकीत विंडोज सर्व्हर २०१९ वर वजनकाट्याचा आणि हिशेबाचा प्रोग्राम आहे, तर दुसरीत सेंटओएस ७ वर पोस्टग्रेसचा डेटाबेस आहे. देखरेखीसाठी मी स्वतः लिहिलेली एक शेल स्क्रिप्ट सेंटओएसमध्ये दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) चालते. डिस्क, मेमरी आणि लोड पाहून, विंडोजला पिंग करून, काही बिघडलेले आढळले तरच ती माझ्या फोनवर टेलिग्रामचा संदेश पाठवते.

गेल्या डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना दोन्ही व्हीएम एकाच वेळी थांबल्या. स्क्रिप्टकडून एकही संदेश आला नाही. मला कळले ते काट्यावरच्या माणसाचा फोन आला तेव्हा. प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर दोन्ही नावांपुढे पिवळा त्रिकोण आणि ‘आयओ-एरर’ अशी स्थिती दिसत होती. आदल्या रात्री पाहिले तेव्हा दोन्ही व्हीएमच्या आत डिस्कची निम्मी जागा मोकळी होती. शेवटी एका परिचिताने फोनवरून सांगितल्याप्रमाणे दसऱ्याच्या आधी घेतलेले जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या वेळच्या स्थितीच्या राखून ठेवलेल्या प्रती) काढले, व्हीएम ‘रिझ्यूम’ केल्या आणि काम सुरू झाले. परंतु तोपर्यंत साडेतीन तास गेले होते, काटापट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या आणि काही शेतकऱ्यांना रात्र ट्रॅक्टरवरच थंडीत काढावी लागली. त्या रात्रीची जबाबदारी माझी होती असे मला वाटते आणि ती पुन्हा येऊ नये म्हणूनच हे विचारत आहे.

जागा मोकळी असताना हे घडले कसे, आणि स्क्रिप्ट गप्प का राहिली? काट्याच्या प्रोग्रामच्या कंपनीने आमचे ऐकून घेण्याआधीच ‘तुमचा सर्व्हर व्हर्च्युअल आहे, आम्ही त्याला सपोर्ट देत नाही, भौतिक यंत्रावर घ्या’ असे सांगितले. हे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे? आणि स्क्रिप्ट सोडून नागिओस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरसारखी पूर्ण यंत्रणा बसवणे आता आवश्यक झाले आहे का?

वर्धा_प्रणाली

भाऊ, तुमच्या स्क्रिप्टने खोटे काही सांगितले नाही. ती ज्या खोलीत बसली होती तिथून गोदाम दिसतच नव्हते. व्हीएमच्या आत ‘डीएफ’ जी मोकळी जागा दाखवते, ती त्या व्हीएमला दिलेल्या आभासी डिस्कमधली असते. प्रत्यक्ष डिस्कवर प्रॉक्समॉक्स बहुधा एलव्हीएम-थिन प्रकारचा साठा वापरते. त्यात व्हीएमला ५०० जीबी दिले असे लिहिलेले असले, तरी जागा खरोखर व्यापली जाते ती लिहिले जाईल तसतशी. त्यामुळे सगळ्या आभासी डिस्कची बेरीज प्रत्यक्ष साठ्यापेक्षा जास्त होऊ शकते आणि बहुतेक ठिकाणी ती झालेलीही असते.

स्नॅपशॉट घेतल्यावर जुना मजकूर तसाच राखून ठेवावा लागतो, म्हणून त्यानंतर बदललेला प्रत्येक ब्लॉक नव्या जागी लिहिला जातो. दसऱ्याच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट कपाशीचा ऐन हंगाम अंगावर घेऊन डिसेंबरपर्यंत राहिला, तर साठा भरणारच. तो भरला की पुढचे लिहिणे अडते, व्हीएम विराम घेतात आणि ‘आयओ-एरर’ दिसते. दोन्ही व्हीएम एकाच साठ्यावर होत्या, म्हणून दोन्ही एकदम थांबल्या. आणि थांबलेल्या व्हीएममधली स्क्रिप्ट चालणार तरी कशी? तुम्ही संदेश फक्त बिघाड झाल्यावर मागत होता, म्हणून तिचे न बोलणे आणि सर्व ठीक असणे यांत फरकच उरला नाही.

होस्टवर (प्रॉक्समॉक्स चालते त्या भौतिक सर्व्हरवर) ‘एलव्हीएस’ कमांड चालवून थिन पूलचे, म्हणजे त्या साठ्याचे, ‘डेटा’ आणि ‘मेटा’ हे दोन्ही टक्के पाहा. ८० टक्क्यांना सूचना आणि ९० ला धोका अशी मर्यादा मी ठेवतो. मेटाडेटाची (कोणता ब्लॉक कुठे आहे या नोंदींची) जागा लहान असते आणि ती वेगळी भरते, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. व्हीएमच्या आत फाइली पुसल्या म्हणून पूलमधली जागा आपोआप सुटत नाही. डिस्कच्या मांडणीत ‘डिस्कार्ड’ (मोकळी झालेली जागा साठ्याला परत देण्याची सोय) सुरू हवे आणि सेंटओएसमध्ये आठवड्याला एकदा ‘एफएसट्रिम’ (ती जागा परत करणारी कमांड) चालायला हवे. भौतिक डिस्कचे आरोग्यही ‘स्मार्टसीटीएल’ला होस्टवरूनच कळते, व्हीएमच्या आतून दिसते ती आभासी डिस्क.

पतसंस्था_दारव्हा

सपोर्टच्या प्रश्नाबद्दल मी अनुभवावरून लिहितो, कारण आमच्या संस्थेत याच वादात एक पूर्ण आर्थिक वर्ष गेले. ‘व्हर्च्युअलला सपोर्ट नाही’ हे वाक्य सरसकट बरोबर नाही. सपोर्ट तीन थरांचा (विंडोज, लिनक्स आणि काट्याचा प्रोग्राम) असतो आणि प्रत्येक थराचा धनी वेगळा आहे, हे कंपनीशी बोलताना सोडू नका.

विंडोजच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टचा व्हर्च्युअल यंत्रणा तपासून मान्य करण्याचा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. त्या यादीतील हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्ससारख्या सॉफ्टवेअरवर) विंडोज सर्व्हर गेस्ट म्हणून, म्हणजे व्हीएमच्या आत, चालवल्यास नेहमीचा सपोर्ट मिळतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीचीही प्रमाणित हायपरव्हायजरांची यादी आहे. यादीबाहेरच्या हायपरव्हायजरवर अडचण आली, तर ती प्रमाणित यंत्रणेवर किंवा थेट भौतिक यंत्रावर पुन्हा घडवून दाखवा, असे ते सांगू शकतात. म्हणून आपल्या हायपरव्हायजरचे आणि त्याच्या आवृत्तीचे नाव त्या याद्यांमध्ये आहे का, हे स्वतः पाहून कागदावर लिहून ठेवावे.

तुमचा खरा उघडा भाग सेंटओएस ७ आहे. त्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली असून सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले आहे. ती व्हर्च्युअल आहे की भौतिक, याने तिथे काहीच फरक पडत नाही. सेंटओएसची जागा घेणाऱ्या अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. जिनिंग बंद असते त्या पावसाळ्यात नवी व्हीएम उभी करून डेटाबेस तिकडे न्यावा, चालू व्हीएमवरच वरून बदल करण्याचा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज सर्व्हर २०१९ ला ९ जानेवारी २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत, त्यामुळे तिकडे घाई नाही.

काट्याच्या कंपनीचे उत्तर मात्र करारात शोधावे लागेल. आमच्या वार्षिक देखभाल करारात ‘सर्व्हर’ एवढाच शब्द होता आणि त्याचा अर्थ दोघांनी आपापल्या सोयीने लावला. पुढच्या नूतनीकरणात आम्ही हायपरव्हायजर, गेस्ट प्रणाली, डेटाबेस आणि त्यांच्या आवृत्त्या नावानिशी लिहून घेतल्या, आणि प्रोग्रामची तक्रार व्हर्च्युअल असण्यामुळे आहे असे म्हणायचे असेल तर त्याचा पुरावा कंपनीने द्यावा, असे कलम घातले. ही बोलणी हंगामाआधी करा. गाड्या रांगेत लागल्यावर आपल्या बाजूने काही उरत नाही. आणखी एक गोष्ट, ‘व्हर्च्युअलमुळे प्रोग्राम संथ चालतो’ असे ते म्हणतील तेव्हा आकडे हाताशी ठेवा. सेंटओएसमध्ये ‘टॉप’ कमांडच्या वरच्या ओळीत ‘एसटी’ हा आकडा असतो. व्हीएमला हवा असलेला प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतल्यामुळे किती वेळ मिळाला नाही, ते त्यावरून कळते. आमच्याकडे तो तीन महिने सतत शून्याजवळ होता आणि त्या नोंदी समोर ठेवल्यावरच कंपनीने आपल्या प्रोग्राममधली क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा) तपासली.

अचलपूर_प्रयोगशाळा

दादा, स्क्रिप्ट टाकून देऊ नका, परंतु तिची बसण्याची जागा आणि बोलण्याची रीत बदला. नागिओस १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरू झाले तेव्हापासून त्याची तपासणी म्हणजे अशा लहान स्क्रिप्टच आहेत. स्क्रिप्टने शेवटी ० परत केला तर ठीक, १ म्हणजे सूचना, २ म्हणजे धोका आणि ३ म्हणजे कळले नाही, एवढाच करार आहे. तुमच्या स्क्रिप्ट आजच या रीतीने लिहिल्यात तर उद्या नागिओस बसवताना त्या तशाच वापरता येतील. एका सर्व्हरसाठी ते आजच बसवण्याची गरज मला दिसत नाही.

यातला ३ फार मोलाचा आहे. ‘एलव्हीएस’ हाताने चालवल्यास उत्तर देते, परंतु वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमधून चालताना शोधमार्ग (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांची यादी) तोकडा असतो, ‘एसबिन’ फोल्डरमधल्या कमांड सापडत नाहीत आणि स्क्रिप्टच्या हाती रिकामे उत्तर येते, ते ८० शी ताडून पाहिले की काहीच घडत नाही आणि आपण निश्चिंत राहतो. म्हणून कमांडचा पूर्ण मार्ग लिहावा आणि उत्तर रिकामे आले तर तोच बिघाड मानावा. बॅकअपसाठी दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर जोडलेले असेल आणि ते यंत्र बंद पडले, तर ‘डीएफ’ तिथेच अडकून बसते व दर पाच मिनिटांनी आणखी एक प्रत तिच्यामागे उभी राहते. त्यासाठी ‘टाइमआउट’ (ठरावीक वेळेनंतर कमांड थांबवणारे) आणि ‘एफलॉक’ (एका वेळी एकच प्रत चालू देणारे) वापरावे.

गप्प राहण्यावर उपाय असा की स्क्रिप्टने ‘मी आहे’ एवढे दर पाच मिनिटांनी सांगावे, आणि ते ऐकणारे यंत्र सर्व्हरच्या बाहेर असावे. आम्ही चौकीदाराच्या खोलीत वेगळ्या छोट्या यूपीएसवर एक रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा संगणक) ठेवला आहे आणि त्याला सिमकार्डचा डोंगल जोडला आहे. बारा मिनिटे खूण आली नाही की तो घंटी वाजवतो आणि एसएमएस पाठवतो. वीज गेली की आमच्याकडे ब्रॉडबँडही जाते, त्यामुळे इंटरनेटवर अवलंबून असलेला संदेश नेमक्या गरजेच्या वेळी पोहोचत नाही.

तुमच्या ठिकाणी तापमानही पाहावेच लागेल. जिनिंगमधल्या रुईचे तंतू पंख्यांच्या जाळीवर बसून वारा अडवतात आणि पुढे मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. होस्टवर ‘आयपीएमआयटूल’ने पंख्यांचा वेग आणि आतले तापमान मिळते, व्हीएमला यातले काहीही दिसत नाही.

काटाघर_हिंगणघाट

सर्वांचे मनापासून आभार. आज होस्टवर पाहिले तेव्हा पूलचा डेटा ७१ टक्के निघाला आणि सगळ्या आभासी डिस्कची बेरीज प्रत्यक्ष साठ्याच्या दीडपटीहून जास्त आहे, हे मला इतक्या दिवसांत ठाऊक नव्हते. विंडोजच्या डिस्कला ‘डिस्कार्ड’ बंद होते, ते सुरू केले. अचलपूरच्या ताईंनी सांगितलेली क्रॉनची चूक मी पहिल्याच प्रयत्नात केली. फाइलमध्ये रिकामी ओळ आलेली पाहून ती लक्षात आली. करारातील शब्द पाहिले, तिथेही फक्त ‘सर्व्हर’ आहे. मालकांशी बोललो असून नूतनीकरणापूर्वी कंपनीला लेखी पत्र जाईल. एवढेच विचारायचे राहिले की अशी घंटी आमच्या चौकीदाराच्या खोलीत बसवल्यावर ती खरोखर वाजेल याची खात्री हंगामाआधी कशी करावी?

वर्धा_प्रणाली

मर्यादा थोडा वेळ ८० वरून ६० वर आणा म्हणजे ७१ ला संदेश यायलाच हवा. नंतर रविवारी काटा बंद असताना, ‘मी आहे’ ही खूण जिच्यातून जाते ती सेंटओएसची व्हीएम प्रॉक्समॉक्समधून पंधरा मिनिटे ‘पॉझ’ करून ठेवा. बारा मिनिटांनी चौकीदाराच्या खोलीत घंटी वाजली पाहिजे. त्या वेळी तुम्ही सर्व्हरजवळ न थांबता घरी असा, म्हणजे फोनवर काय पोहोचते तेही कळेल.