शब्दचर्चा: कन्फॉर्मल म्हणजे अनुरूप? आणि ड्युअ‍ॅलिटी म्हणजे द्वैत??

धागालेखिका

मंडळी मदत हवीये. भाचीची पीएचडी झाली, सोसायटीच्या गणपतीत गुणगौरव आहे आणि तिच्याबद्दल चार ओळी मराठीत लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय. विषय आहे कन्फॉर्मल फील्ड थिअरी, सुपरसिमेट्री आणि क्वांटम ग्रॅव्हिटी. मी आपलं एकेक शब्द बसवत गेले: अनुरूप क्षेत्र सिद्धांत, अतिसममिती, पुंज गुरुत्व. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर पहिला प्रश्न आला की मुलीने वधूवर सूचक मंडळ काढलंय का. दुसरे एक काका म्हणे क्षेत्र कुठलं, आळंदी की देहू. भाचीला फोन केला तर म्हणते मावशी इंग्रजीच ठेव ना. नाही ठेवणार! अनुरूपला दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

भूमितीवाले सर

शब्द अजिबात बदलू नका ताई. तो एकटा टाकलात म्हणून लग्नाळू वाटतोय, त्याच्या भावंडांसोबत बसवा. शाळेतली भूमिती आठवा. एकरूप त्रिकोण म्हणजे बाजूही त्याच आणि कोनही तेच, एक उचलून दुसऱ्यावर ठेवला की बरोब्बर बसतो. समरूप म्हणजे कोन तेच पण सगळ्या बाजू एकाच प्रमाणात मोठ्या किंवा लहान, पासपोर्ट फोटो आणि त्याची मोठी कॉपी. आता आणखी एक पायरी उतरा, कोन तेच ठेवायचे पण मोठं-लहान करायचं प्रमाण जागोजागी वेगळं चालेल. ते अनुरूप. एकरूप, समरूप, अनुरूप, अशी छान उतरंड लागते, इंग्रजीत या तीन शब्दांचा एकमेकांशी काही संबंधच दिसत नाही.

उदाहरण हवं असेल तर शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा, बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा असायचा (मूळ १५६९ सालचा). त्यात ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतं. प्रत्यक्षात ते २१-२२ लाख चौरस किलोमीटर आणि भारत जवळपास ३३ लाख. आकारमानाची पार वाट लागलेली, पण कुठल्याही ठिकाणी दोन दिशांमधला कोन मात्र खरा, म्हणून खलाशी होकायंत्र आणि पट्टी घेऊन त्यावर मार्ग आखू शकायचे.

टेकडीवाला

नकाशाचं पटलं सर. पण अख्खी थिअरी अनुरूप म्हणजे काय, तिला कुठे कोन असतात?

धागालेखिका

हे मी भाचीला विचारलं, तिने सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवलीये, कळलं तेवढं लिहिते. पाणी तापवत न्यायचं पण दाबही वाढवत न्यायचा. साधारण ३७४ अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या २१८ पट दाब (आपल्या कुकरमध्ये जेमतेम दुप्पट असतो) इथे पोचलं की पाणी आणि वाफ हा फरकच संपतो. ऐन त्या बिंदूपाशी काचेसारखा स्वच्छ द्रव दुधासारखा पांढुरका होतो, कारण आत दाट आणि विरळ भागांचे पुंजके होतात, रेणूंएवढ्या बारीकपासून प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या मोठ्यापर्यंत सगळ्या मापांचे, आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. झूम इन करा नाहीतर झूम आउट करा, चित्र तसंच. गंमत म्हणजे लोहचुंबकाचा एक साधा नमुना घेऊन तो गरम करत नेला तर चुंबकत्व जातं त्या बिंदूपाशीही गुणधर्म किती झपाट्याने बदलतात याचे आकडे पाण्याचेच निघतात. पाणी कुठे, चुंबक कुठे!

मी मध्येच म्हटलं की अगं मग हे समरूप झालं, अनुरूप कुठे? तर मॅडम खूश. म्हणाल्या की नेमका हाच प्रश्न आहे, सगळीकडे एकाच प्रमाणात झूम केलं तर चित्र बदलत नाही हे एक, आणि जागोजागी वेगवेगळं झूम करून फक्त कोन सांभाळले तरी नियम बदलत नाहीत हे त्याहून कितीतरी कडक. दोन मितींत नेहमीच्या काही अटी पाळल्या की पहिल्यातून दुसरं आपोआप मिळतं असं १९८०च्या दशकात दाखवलं गेलं. चार मितींत पूर्ण सिद्धता अजून वादातली आहे म्हणे. तर सर, तुमची उतरंड तिच्या पीएचडीत आहे!

भूमितीवाले सर

निवृत्त झाल्यावर एवढं कौतुक पहिल्यांदाच वाट्याला आलं.

कोल्हापुरी रस्सा

मला अतिसममिती खटकतंय. अति तिथे माती. महासममिती करा की, कसं दणदणीत वाटतं.

टेकडीवाला

अतिसंवाहक (सुपरकंडक्टर) चालतो तर अतिसममिती का नको? महा लावलं की महामोर्चा, महासेल असलं काहीतरी डोळ्यापुढे येतं. सममिती शब्द तर सगळ्यांना शाळेपासून माहिती, कागद दुमडून फुलपाखरू काढायचो ते. इथे दुमडायची घडी वेगळी आहे एवढंच, एका बाजूला बोसॉन आणि दुसऱ्या बाजूला फर्मिऑन, म्हणजे बलं वाहून नेणारे कण एकीकडे आणि पदार्थ ज्यांचा बनतो ते दुसरीकडे, आणि ही घडी खरी असेल तर प्रत्येक कणाला पलीकडे एक जोडीदार पाहिजे. (बोसॉनमधले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ, १९२४ साली ढाक्यात शिकवत होते.)

इलेक्ट्रॉनच्या जोडीदाराला सिलेक्ट्रॉन म्हणतात, नुसता सुरुवातीला एक स चिकटवलाय. मराठीत हा स आधीपासून आहेच. सपत्नीक, सहकुटुंब, सपरिवार! पत्रिकेवर सपरिवार छापलंय पण कार्यालयात इलेक्ट्रॉन एकटाच आलाय, कारण जिनिव्हाच्या एलएचसीत, म्हणजे कण एकमेकांवर आपटायच्या महायंत्रात, २०१० पासून टक्कर लावून शोधतायत, २०१२ला हिग्ज नावाचा कण सापडला पण या जोडीदारांपैकी अजून कुणाचाही पत्ता नाही.

धागालेखिका

हसून हसून वाट. भाची मात्र चिडली, म्हणे निसर्गात सापडो न सापडो, गणितात अतिसममितीचा उपयोग प्रचंड आहे. ती असली की एरवी अशक्य असलेली गणितं सुटतात. आणि अतिसममिती + अनुरूपता दोन्ही एकत्र फार तर सहा मितींपर्यंतच जमतात, हे वेर्नर नाम यांनी १९७८लाच दाखवलं होतं. मी या दोघांचा संधी करून बघितला: अत्यनुरूप. ती म्हणाली मावशी प्लीज.

कोल्हापुरी रस्सा

पुंजचं काय? माझ्यासाठी पुंज म्हणजे ढीग. तारकापुंज, तेजःपुंज. क्वांटम म्हणजे तर उलट, सुटा दाणा.

भूमितीवाले सर

विश्वकोशात पुंजच आहे, माझी पिढी पुंजयामिकी म्हणतच मोठी झाली. पण खरं सांगायचं तर आता क्वांटम मराठीच झालाय, रिक्षा आणि टेबलसारखा. गुरुत्व मात्र ठेवाच, आणि गुरुत्वाकर्षण लिहू नका. आइन्स्टाइननंतर त्यातलं आकर्षण गेलं, वक्रता आली. क्वांटम गुरुत्व, झकास. नारळीकरांनी हॉइल यांच्याबरोबर १९६०च्या दशकात गुरुत्वाचा जो सिद्धांत मांडला तोही कन्फॉर्मलच होता, हे भाचीला सांगा.

धागालेखिका

सांगितलं, तिला माहिती होतं. :) आता शेवटचा आणि खरा त्रासदायक शब्द. तिच्या प्रबंधाच्या नावात ड्युअ‍ॅलिटी आहे. हुआन मालदसेना यांनी १९९७ मध्ये मांडलेली कल्पना, की एका बाजूला गुरुत्व असलेलं विश्व आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या सीमेवर, एक मिती कमी असलेला, गुरुत्व नसलेला अनुरूप क्षेत्र सिद्धांत, आणि या दोन्हींत माहिती तीच. त्यांच्या मूळ उदाहरणात अतिसममितीही आहेच, म्हणजे भाचीचे तिन्ही विषय एका वाक्यात. मी लिहिलं "द्वैत".

टेकडीवाला

अहो ताई उलटं झालं की! द्वैत म्हणजे दोन वेगळे, जीव वेगळा आणि शिव वेगळा. हे लोक म्हणतायत की दोन दिसतात पण आहे एकच. ते अद्वैत.

कोल्हापुरी रस्सा

अद्वैत छापलं तर लगेच कुणीतरी माईक घेऊन सांगणार, की आपल्याकडे हे आधीच होतं. नको रे बाबा.

भूमितीवाले सर

खरंय, आणि अद्वैतात दुसरं मुळी उरतच नाही. इथे दोन्ही रूपं कामाची आहेत, एकीकडे गणित अवघड असलं की दुसरीकडे जाऊन सोडवायचं, म्हणून तर त्याचा उपयोग. मी द्विरूपता सुचवतो. एकच वस्तू, दोन रूपं. आणि एकरूप, समरूप, अनुरूपच्या रांगेत चौथं भावंड मिळालं.

धागालेखिका

सर!! हे घेतलं.

फायनल मजकूर: "अनुरूप क्षेत्र सिद्धांत, अतिसममिती आणि क्वांटम गुरुत्व या विषयांत, विशेषतः त्यांच्यातील द्विरूपतेवर संशोधन." सिद्धांत म्हटलं की सिद्ध झालेलं वाटतं, उपपत्ती हवं होतं, हे कुणीतरी म्हणणार आहे ते मला माहितीये, पण जागा नाहीये.

अपडेट: फ्लेक्स आला. 'अनुरुप' छापलंय, रु ऱ्हस्व. आणि भाचीच्या फोटोपेक्षा नगरसेवकांचा फोटो मोठा, दोन्हींचं प्रमाण वेगळं.

टेकडीवाला

कोन तरी सांभाळलेत का?