पऱ्यापलीकडची शाळा
कुणीतरी लिहिलंय की गावातल्या पोरांना, रोज एसटीने जावं लागलं तरी, रत्नागिरीतल्या नावाजलेल्या शाळेत घातलं नाही तर ती मागे पडतात. मला नाही पटत. मी वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. पावसात पऱ्याला, म्हणजे वाटेतल्या ओढ्याला, पाणी चढलं की गुरुजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहायचे, एकेकाला हात धरून पलीकडे न्यायचे. मग ओली दप्तरं वळचणीला टांगून पाढे! २०२४ ला कोकण मंडळाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, राज्यात पहिला. ती सगळी पोरं काय बड्या शाळांतली होती? एक मात्र कबूल, बारावीपर्यंत मी जेईईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, नावही ऐकलं नव्हतं. शहरातल्या पोरांना ते आठवीतच कळतं. ही माहिती गावात पोचवायला हवी, त्यासाठी सातवीतल्या पोराला रोज दोन तास एसटीत कशाला बसवायचं?