स्ट्रिप कयाकच्या पट्ट्या : राउटर टेबलवर शेवटचे दोन इंच कुरतडले जातात

खाडीकाठचा (ऐरोली)
मंडळी, १६ फुटी स्ट्रिप कयाक (लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेली अरुंद होडी) करायला घेतलीय. वखारीतून पाइनच्या ८ फुटी, १९ एमएम जाड फळ्या आणल्या आणि टेबल सॉवर त्यांच्या ६ एमएमच्या पट्ट्या चिरल्या. आता प्रत्येक पट्टीच्या एका कडेला बीड (फुगीर गोलाई) आणि दुसरीला कोव्ह (ती बसेल अशी खोलगट खाच) मारायचाय. टेबल १८ एमएम प्लायचं, वर सनमायका, खाली ट्रिमर (लाकडाची कड घडवणारा छोटा राउटर) उलटा टांगलेला. फेन्स, म्हणजे पट्टी टेकवून सरकवायची आड, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची. पट्टी मधे छान निघते, पण शेवटचे दोन इंच कुरतडले जातात आणि कोव्हची कड जागोजागी तुटते. शिवाय आधी सांधून १६ फुटी करायच्या म्हटलं, तर रो-हाउसच्या पार्किंगमधून टोक रस्त्यावर जातं. काल समोरच्या काकूंनी त्यावर पायपुसणं वाळत घातलं. मोठा राउटर घ्यावा का?

पॅटर्नवाला_वागळे
मोठा राउटर कशाला? एवढ्याशा कापाला ट्रिमर पुरतो. पट्टीला धरतंय कोण ते आधी सांगा.

आमच्या गाळ्यात ओतकामाचे लाकडी पॅटर्न होतात, त्यामुळे राउटरशी रोजचीच मारामारी. ६ एमएमची लांब पट्टी नुसत्या हाताने धरून चालत नाही. मागचं टोक आधारावरून सुटलं की खाली लोंबतं, बिटजवळचा (फिरणाऱ्या पात्याजवळचा) भाग उचलला जातो आणि बिट तो खातो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बरोबर त्याच पातळीत आधार लावा. प्लायची लांब पट्टी घोड्यावर टाकली तरी चालेल, पण दोरी लावून पातळी बघा, नजरेने नको. मग फेदरबोर्ड : सागाच्या तुकड्याचं टोक ३० अंशांत कापायचं आणि त्यात कंगव्यासारखे दात पाडायचे. बिटच्या अलीकडे-पलीकडे एकेक बाजूने दाबणारा, आणि तसेच दोन वरून दाबणारे. दात पट्टी ज्या दिशेला जाते त्या बाजूला झुकलेले हवेत, म्हणजे पट्टी मागे येत नाही.

शेवटच्या दोन इंचांचा इलाज सोपा आहे. पहिली पट्टी संपायच्या आत दुसरीचं तोंड तिच्या बुडाला टेकवा आणि दुसरीनेच पहिलीला ढकला. थांबायचं नाही, थांबलात की तिथे लाकूड करपतं. सगळ्यात शेवटी एक रद्दी पट्टी.

कड तुटते म्हणजे तुम्ही कोव्ह आधी मारताय. बीड आधी, कोव्ह नंतर. दुसरी कड मारताना पहिली कड फेदरबोर्डाचा दाब खाते. कोव्हचे ओठ (खाचेच्या पातळ कडा) तो सोसत नाहीत, बीड सोसतो. आणि ओठ पार धारेवर आणू नका, अर्धा एमएम सपाट राहू द्या.

पट्टी उजवीकडून डावीकडे. फेन्स आणि बिटच्या मधून कधीही नाही, पट्टी हातातून हिसकली जाऊन समोरच्या भिंतीत जाते आणि मागोमाग बोटं बिटवर.

जागेचं म्हणाल तर आधी सांधूच नका. ८ फुटी पट्टीला टेबल धरून १८ फूट पुरतात, १६ फुटीला ३४ लागतील. कड मारून घ्या, मग १:८ उताराचा सांधा करा. नाहीतर नुसती टोकाला टोक भिडवून जोड साच्याच्या फर्म्यावर आणा. आतून-बाहेरून फायबरग्लास बसतोच, जोर तो घेतो. शेजारच्या पट्ट्यांचे जोड तेवढे एका रेषेत येऊ देऊ नका.

रंधा_नाना
हे सगळं कशासाठी? पट्ट्या चौकोनीच ठेवा आणि लावताना प्रत्येकीची कड छोट्या रंध्याने तिरपी करत जा. वीज नको, आवाज नको, शेजारी खूश.

पॅटर्नवाला_वागळे
नाना, तुमच्या हाताने होईल. नवख्या माणसाच्या फटी एपॉक्सीने भरता भरता डबा संपेल. बीड-कोव्हला वळणावर पट्टी थोडी फिरली तरी फट दिसत नाही, त्याचे पैसे आहेत. पण जिथे कयाकचं अंग एकदम वळतं तिथे रंधा लागणारच, हे मान्य.

खाडीकाठचा
बीड आधी केला, टोकं सुधारली. काकूंना पायपुसणं परत केलं. आता नवीन भानगड : दोन पट्ट्या जुळवल्या की मधे पायरी येते, नखाला लागते. सकाळच्या पट्ट्यांत कमी, संध्याकाळच्यांत जास्त.

पॅटर्नवाला_वागळे
दिवसभरात वाढते? मग बिट सरकतोय. बिटची दांडी ६ एमएमची आणि कॉलेट (ती दांडी धरणारा राउटरचा चिमटा) पाव इंची, म्हणजे ६.३५, असं आहे का बघा. कितीही आवळलं तरी ती जोडी धरत नाही. दांडीच्या मापाचाच कॉलेट आणा.

तो बसला की उंची लावा. बीडचा एक आणि कोव्हचा एक तुकडा काढून जुळवा. मग त्यातला एक उलटा करून परत जुळवा. दोन्ही बिट सारखेच वर असतील तर सरळ जुळवल्यावर पायरी दिसत नाही, उलटल्यावर दुप्पट दिसते. दोन्हीकडून सपाट लागलं की बिट बरोबर मधोमध. पट्ट्यांची जाडीही कॅलिपरने तपासा. ६ च्या जागी साडेसहा निघाली तर कितीही जुळवा, पायरी राहणार.

पाणकोंबडी (कोपरी)
मास्क लावून करा हो. पाइन ठीक, पण उद्या कुणी हौसेने वेस्टर्न रेड सीडर आणली तर तिच्या भुशाने दमा लागल्याच्या नोंदी आहेत. आणि ऐरोलीला खाडीत उतरवणार असाल तर आधी वन विभागाकडे चौकशी करा. तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ओहोटीला चिखलात अडकलात तर सहा तास पक्षीच बघत बसाल.

खाडीकाठचा
कॉलेट ६.३५ चाच निघाला! नवीन मागवलाय. एपॉक्सीचं काम पावसाळ्यानंतर काढतो, तोवर पट्ट्या जिन्याखाली आडव्या.

पॅटर्नवाला_वागळे
आडव्या ठेवाल तर मधे दर दोन फुटांवर आधार द्या.