व्हिडिओ दाखवण्यापलीकडे, मोबाइलमुळे आपले शिकवणे सुधारते का?

प्रश्न : सहायक शिक्षिका, धारणी तालुका

सर्वांना नमस्कार. मेळघाटातील आमची शाळा द्विशिक्षकी असून पहिली-दुसरीचा वर्ग मी एकत्र घेते. बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. गावात रेंज नसल्यामुळे धारणीला गेल्यावर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील पाठांचे व्हिडिओ उतरवून आणते आणि वर्गात दाखवते. मुले रमतात; परंतु ५२ मधून २७ वजा करायला सांगितले की निम्म्या वर्गाचे उत्तर ३५ येते. मुलांनी व्हिडिओ पाहिला, पण माझ्या शिकवण्यात त्यामुळे काय बदलले, हे मला सांगता येत नाही. स्वतःचे अध्यापन सुधारण्यासाठी कोणी मोबाइल वापरला आहे का?

उत्तर : प्राथमिक शिक्षक, एटापल्ली तालुका

मॅडम, ३५ लिहिणारी मुले वजाबाकीच करत आहेत. फक्त एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहेत. हे व्हिडिओला दिसत नाही, आपल्याला दिसायला हवे.

मी आठवड्यातून एकदा मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटांच्या तासाचा आवाज रेकॉर्ड करतो. त्याला इंटरनेट लागत नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मन खट्टू झाले, कारण प्रश्न मीच विचारत होतो आणि मुलाने तोंड उघडण्याआधी उत्तरही मीच देत होतो. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले होते की, शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात. आता मी मनात तीन आकडे मोजतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या दोन मुलींना मी ‘गप्प बसा’ म्हणून दटावले होते, त्यांपैकी एक दुसरीला तेच उदाहरण माडिया या घरच्या भाषेत समजावून सांगत होती, हे मला घरी रेकॉर्डिंग ऐकताना कळले. तेव्हापासून त्या दोघींना मी मुद्दाम शेजारी बसवतो.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख, यवतमाळ जिल्हा

गुरुजींचे म्हणणे योग्य आहे. मात्र हे रेकॉर्डिंग शिक्षकाच्याच हाती राहावे. ते तपासणीचे साधन झाले की वर्गात नाटक सुरू होते. मुलांचे आवाज व्हॉट्सॲप गटांवर टाकू नयेत, ऐकून झाल्यावर पुसून टाकावेत. पाट्यांवरील चुकांचे फोटो मात्र नाव दिसणार नाही असे काढून केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आणावेत. एकाच चुकीवर चार शिक्षक बोलतात, तेव्हा पुढचे पाठ टाचण खरोखर बदलते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा दोघांचे आभार. काल रेकॉर्डिंग केले. ‘दोनातून सात जातात का?’ या माझ्या प्रश्नावर सगळा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणतो आणि मी लगेच पुढे जाते. उद्या दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मुलांच्या हाती देऊन, गठ्ठा का सोडावा लागला हे त्यांना आधी कोरकूतच एकमेकांना सांगू देणार आहे.