आयर्न मेडन: तुम्ही कुठे उभे होतात?

२७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा सुरू झाला आणि ओळखीतल्या सगळ्या मेटलवाल्यांना पुन्हा कंठ फुटला. बेसवादक स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हा बँड काढला. त्याची पन्नाशी म्हणून या दौऱ्यात गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, १९८० ते १९९२ ची. ड्रमवर नेहमीचा निको मॅकब्रेन नाही, सायमन डॉसन. हे बरोबर की चूक यावर इतकं बोलून झालंय की आता माझ्याच्याने होत नाही.

म्हणून हा धागा वेगळ्या कामासाठी. मेडनला प्रत्यक्ष ऐकलेली मराठी मंडळी बरीच आहेत. कोणी मुंबईच्या बीकेसीत ऐकलं, कोणी बंगळुरूत, बाकीच्यांनी पोटापाण्यासाठी जिथे गेले तिथे. शो कसा झाला विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "खतरनाक!" माझं म्हणणं असं की मेडनचा एकच एक शो नसतोच. रेलिंगला चिकटलेल्याने एक पाहिलेला असतो, वरच्या गॅलरीतल्याने दुसरा. तेव्हा सेटलिस्ट, म्हणजे वाजलेल्या गाण्यांची यादी, टंकू नका, ती कुठेही मिळते. तुम्ही कुठे होतात आणि तिथून काय दिसलं, काय ऐकू आलं, ते लिहा. नावडलं असेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच करतो. मुंबई, १ फेब्रुवारी २००८. 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जागतिक दौऱ्याचा अगदी पहिला शो. मोठे बँड आपल्याकडे येतात ते दौऱ्याच्या शेवटी, उरलंसुरलं घेऊन, अशी आमची पक्की समजूत होती. इथे नारळच बीकेसीत फुटला. शुक्रवार होता, त्यामुळे बरीच गर्दी ऑफिसातून थेट आलेली. मी उजव्या बाजूला, स्पीकरच्या थप्पीच्या जरा मागे. शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. शो उघडणारं चर्चिलचं ध्वनिमुद्रित भाषण सुरू झालं तसं त्यांनी ओळखपत्र खिशात कोंबलं, चष्मा काढून रुमालात गुंडाळला, बाह्या दुमडल्या, आणि 'एसेस हाय'च्या पहिल्याच फटक्याला जे उडाले ते मला परत दिसलेच नाहीत. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'च्या मधल्या भागात, जिथे वाद्यं जवळजवळ थांबतात आणि जहाजाच्या लाकडाची करकर ऐकू येते, तिथे मैदान गप्प. मागून कोणीतरी "जोरात वाजव रे!" ओरडला, तर त्याला चारी बाजूंनी शूऽऽ. कोलरिजच्या कवितेवरचं तेरा मिनिटांचं गाणं, आणि पोरं एकमेकांना गप्प करताहेत. आमच्या इंग्रजीच्या सरांना हे भाग्य कधी लाभलं नाही.

आता तुम्ही.

बेसबहाद्दर

बंगळुरू, १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स. बरोबर भिंतीच्या बाहेर. तेव्हा शिकत होतो, तिकिटाला पैसे नव्हते आणि घरी मागायची सोय नव्हती. आमच्यासारखे पुष्कळ होते. दोन रिक्षावालेही धंदा सोडून थांबलेले.

भिंतीबाहेरचा मेडन वेगळाच. खर्जातले सूर भिंतीला वळसा घालून येतात, वरचे अडतात. त्यामुळे गायक ब्रूस डिकिन्सनचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा, गिटार नुसती भुणभुण, पण हॅरिसचा बेस असा ठणठणीत की कुठल्या रेकॉर्डवर मी तो तसा ऐकलेला नाही. तो तारा छेडायचं पिक वापरत नाही, दोन बोटांनी वाजवतो आणि घोडदौड म्हणतात ती लय त्या बोटांतूनच येते. हे मला तिथे, भिंतीला पाठ लावून कळलं. पुढच्याच महिन्यात जुना बेस गिटार विकत घेतला.

आधी आपल्या परिक्रमा बँडने वाजवलं होतं, तेही बाहेरूनच ऐकलं. त्याच वर्षी त्यांना इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात वाजवायला मिळालं.

उडनखटोला

मी मैफिलीला गेलेलोच नाही, तरी लिहितो. विमान देखभालीत काम करतो, मेटल ऐकत नाही. मला या बँडचं कौतुक आहे ते वेगळ्याच कारणाने.

दूरच्या दौऱ्यांचं गणित कुठे फसतं? सामानात. माणसं विमानाने पोचतात, पण स्टेज, दिवे, अॅम्प जहाजाने जायला आठवडे लागतात. तेवढे दिवस सगळ्यांचा मुक्काम आणि पगार चालू. म्हणून मोठे बँड मुंबई, पर्थ, बोगोटा एका दमात करत नसत. २००८ मध्ये यांनी बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सुमारे बारा टन सामान बसवलं आणि माणसं पुढे. त्याचं नाव एड फोर्स वन. वैमानिकाच्या जागी स्वतः ब्रूस, कारण तो खरोखरच एअरलाइनचा परवानाधारक पायलट. मुंबईपासून निघून ४५ दिवसांत २३ शो. प्रवासी केबिनमध्ये माल भरायचा म्हणजे वजनाचा तोल, आगीपासूनचं संरक्षण, मधला पडदा, सगळ्याची नव्याने मंजुरी. ते कागद ज्याने केले असतील त्याला माझा नमस्कार.

२०१६ ला ७४७-४०० भाड्याने घेतलं. त्याच्या पोटातच माल मावतो, त्यामुळे मोडतोड फारशी नाही. त्याच मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला इंधन भरायला ओढून नेताना विमान ओढणाऱ्या गाडीवर आदळलं. दोन कर्मचारी जखमी, डाव्या बाजूच्या दोन्ही इंजिनांचं नुकसान. तरी पुढचा अर्जेंटिनातला शो झाला, सामान दुसऱ्या वाटेने नेलं. आमच्या धंद्यात एवढं झाल्यावर पुढचं वेळापत्रक राखलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

डबलडेकर

लंडन, ओटू सभागृह, ऑगस्ट २०१८. सगळ्यात वरचा मजला, सगळ्यात स्वस्त तिकीट. चढताना चक्कर आली म्हणून नवऱ्याने हात धरला होता, उतरताना मी त्याचा.

'लेगसी ऑफ द बीस्ट' दौऱ्यात स्टेजवर स्पिटफायर या लढाऊ विमानाची भलीमोठी प्रतिकृती टांगलेली होती. खालच्यांना दिसलं विमानाचं पोट. आम्हाला ते समोरून, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत, पंख कलंडताना दिसलं. आणि 'फ्लाइट ऑफ इकारस'ला ब्रूस दोन्ही हातांतून आगीचे लोळ सोडतो ना, त्याची धग तिथवर आली. खरंच. गरम हवा वरच जाते, शाळेत शिकवलेलं.

एडीशी, म्हणजे बँडच्या त्या भुताच्या पुतळ्याशी, ब्रूसची तलवारबाजीही वरून बघावी. समोरून भीती वाटत असेल, वरून बघितलं की कळतं ब्रूस त्या अवजड भुताला पडू न देण्यासाठी किती सांभाळून सरकतो.

वैतागराव

बीकेसी २००८, मीही होतो. काय दिसलं विचारता? समोरच्याची पाठ. काय ऐकू आलं? समोरच्याचं गाणं, तेही चुकीच्या शब्दांत. प्यायला पाणी मिळवायचं तर गर्दीतून इतकं मागे जावं लागे की परत जागा मिळणं अशक्य, आणि याचा विचार व्यवस्थेतल्या कोणीही केलेला नव्हता. धूळ तर विचारू नका.

आणखी एक, आता बोललोच आहे तर. १९९९ ला गिटारवादक एड्रियन स्मिथ बँडमध्ये परत आला, आनंद आहे. पण त्याच्या जागी आलेला यानिक गर्सही राहिला आणि तीन गिटार झाल्या. मैदानात तीन गिटार म्हणजे रबडी. जुन्या दोनच्या गुंफणीत प्रत्येक धागा वेगळा ऐकू यायचा.

कानसेन

वैतागराव, रबडी झाली ती तीन गिटारींमुळे नाही, तुम्ही उभे होतात त्या जागेमुळे. (कान-नाक-घसा हा माझा व्यवसाय, मेडन हे व्यसन.)

मैदानात मधोमध साउंड कन्सोलचं मचाण असतं. मिक्स करणारा माणूस जे ऐकतो त्यावरून तो ठरवतो, म्हणून त्याच्या पुढ्यात किंवा लगेच बाजूला उभं राहिलं की तिन्ही गिटार वेगवेगळ्या ऐकू येतात. रेलिंगजवळ तुम्ही मुख्य स्पीकरच्या खाली असता, तिथे स्टेजवरचे ड्रम आणि बेस जास्त. आणि फार मागे गेलात तर आवाज उशिरा पोचतो. शंभर मीटरला जवळजवळ ०.३ सेकंद. म्हणून मोठ्या मैदानात मधे खांबांवर आणखी स्पीकर असतात आणि त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर दिलेला असतो. तरी लांबून स्टेजवर नजर लावलीत तर काठी आधी पडते, टोला मागून येतो.

आता धंद्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. कामाच्या जागचा जो हिशेब अमेरिकेत धरतात त्यात ८५ डेसिबलला आठ तास आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. शो दोन तासांचा. शोनंतर कानात शिट्टी वाजते ती 'मजा आली' याची खूण नव्हे, आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी दमल्याची आहे. पिवळे फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात म्हणून लोकांना आवडत नाहीत. फिल्टरवाले इअरप्लग घ्या, सगळे सूर सारखेच खाली आणतात. माझ्याकडे येणाऱ्यांत ड्रमर आणि रेलिंगवाले सर्वाधिक.

चिखल्या

वाकेन मेटल महोत्सव, जर्मनी, २०२३. कुठे उभा होतो? गुडघाभर चिखलात. पावसाने शेतांचं असं झालं होतं की ट्रॅक्टरने गाड्या ओढत होते आणि लोकांना आत घेणं मधेच थांबवावं लागलं. एक बूट तिथेच राहिला.

पण 'अलेक्झांडर द ग्रेट' ऐकलं. १९८६ चं गाणं, त्या वर्षीच्या दौऱ्यापर्यंत एकदाही प्रत्यक्ष वाजवलेलं नव्हतं. बुटाचं काय एवढं.

कुणाचीतरी आई

मी तेरा वर्षांच्या मुलासोबत गेले होते, लंडन स्टेडियम, २८ जून २०२५. म्हणजे वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचं मैदान. स्टीव्ह हॅरिस त्यांचा जन्माचा पाठीराखा, हे मला रस्ताभर ऐकावं लागलं. खुर्च्या होत्या, पण बसलं कोणीच नाही.

मला गाणी एकही माहीत नव्हती, त्यामुळे मी माणसं बघत होते. सुरुवातीला स्पीकरवर एक जुनं गाणं लागलं आणि प्रसाधनगृहाच्या रांगेतली माणसं रांग सोडून धावत सुटली. मुलगा म्हणाला, "आई, 'डॉक्टर डॉक्टर'!" ते मेडनचं नव्हेच, यूएफओ नावाच्या बँडचं, पण ते वाजलं की मेडन येणार हे यांना ठाऊक. तिसरी घंटा झाल्यावर बटाटेवडा तसाच टाकून आत पळणारे प्रेक्षक मी शिवाजी मंदिरला पाहिलेत, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

फोन खिशात ठेवा, अशी बँडच्या मॅनेजरने दौऱ्याआधीच विनंती केली होती. पुष्कळांनी ऐकली. आमच्या पुढच्या रांगेत पांढऱ्या दाढीचे एक आजोबा होते, जाकिटावर इंचभर जागा नाही इतके बिल्ले शिवलेले. माझ्या मुलाला नीट दिसत नाहीये हे पाहून त्यांनी न बोलता जागा बदलली. नंतर एडी आला तेव्हा वळून त्याच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं.

संपल्यावर मी लगेच पर्स उचलली, तर मुलगा म्हणाला थांब. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूचं ते शिट्टीवालं गाणं लावतात, आणि हजारो काळे टीशर्ट शिट्टी वाजवत बाहेर पडतात.

साओ पावलोचा पाहुणा

कंपनीने ब्राझीलला पाठवलेलं असताना ७ डिसेंबर २०२४ चा शो मिळाला, आल्यान्झ पार्क. स्टेजच्या बाजूच्या वरच्या खुर्च्या. अर्धा पडदा दिसत नाही म्हणून ही तिकिटं कोणी घेत नाही.

त्याच दिवशी बातमी आली होती की निकोचा दौऱ्यांमधला हा शेवटचा शो. १९८२ च्या अखेरीपासून तो ड्रमवर. आता गंमत अशी की मेडनच्या समोर उभं राहणाऱ्याला निको कधी दिसतच नाही. त्याचा ड्रमसेट एवढा प्रचंड आणि टॉम नावाचे ड्रम एवढे उंच की मागे माणूस आहे हे झांजा हलल्या तरच कळतं. बाजूने मात्र तो पूर्ण दिसत होता. अनवाणी पाय, आणि बेस ड्रमला एकच पेडल. ज्या वेगाला इतर मेटल ड्रमर दोन पेडल वापरतात तिथे हा एका पायाने.

जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो दौऱ्यावर हजर. काही भरगच्च तुकडे त्याने सोपे करून घेतले, हे त्याने स्वतःच सांगितलेलं. मी दुर्बीण नेली होती. 'द ट्रूपर'मध्ये जिथे रेकॉर्डवर दाट तुकडा आहे तिथे त्याने मोजके टोले मारले, पण असे बरोबर जागेवर की माझ्यासोबतच्या तिघांना कळलंच नाही काही वगळलं म्हणून. उजवा हात झांजेवरून उचलताना एक इंच कमी उचलायचा. शक्ती वाचवणं, दुसरं काय. मी स्वतः तबला शिकलोय, वय झाल्यावर गुरुजी असंच हात आखडते घेऊन ठेका धरायचे. ते बघत राहिलो आणि गाणी राहून गेली, असं माझं झालं.

बाकी ब्राझीलचे लोक शब्द तर म्हणतातच, पण 'फिअर ऑफ द डार्क'ची गिटारची धूनसुद्धा ओऽ ओऽ करत पूर्ण गातात. डिकिन्सनला पाणी प्यायला निवांत वेळ मिळतो.

वैतागराव

निकोचं वाचून बरं वाटलं. पुढच्या वेळी बाजूचं तिकीट काढीन, कानसेनांचे इअरप्लगही घालीन. तीन गिटारींबद्दलचं मत तेच आहे.