वय ५८, यामाहा आरएक्स १०० बाईक, डर्ट रेस (मातीच्या ट्रॅकवरची): हात भरून येतात

प्रश्न: तिसऱ्या लॅपनंतर मनगट ते कोपर हात दगड होतात, क्लच दाबवत नाही. काय बदलू?

उत्तर १: आधी क्लचची लिव्हर. फुटरेस्टवर उभं राहून धरल्यावर मनगट सरळ राहील इतकी खाली फिरवा. क्लच केबल बाहेरून चांगली दिसली तरी आत तार उसवलेली असू शकते. नवी टाका, तिला तीव्र वळण देऊ नका. हँडल आवळू नका, टाकी गुडघ्यांनी धरा. या वयात हे सगळ्यात महत्त्वाचं.

उत्तर २: हँडल २० मिमी उंचावलंत तर दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. अॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली की वळणावर इंजिनची रेस आपोआप चढते.

उत्तर ३: इंजिनला ऑइल पुरवणारा पंप काढलाय का? मग पेट्रोलमध्ये लिटरला ३० मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल घालाच, नाहीतर पिस्टन जाम होऊन मागचं चाक लॉक होईल. आणि दादा, सीझनआधी हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्या.